सेवा क्लबची देणगी आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक

महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी आठवड्यातील एक संध्याकाळ ठरलेली असते. एखाद्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर किंवा क्लबने स्वतः बांधलेल्या सभागृहात वीस-पंचवीस माणसे जमतात. अध्यक्ष घंटेवर टोला देतात. राष्ट्रगीत होते, मागील सभेचा वृत्तांत वाचला जातो, त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस आले असतील त्यांचे अभिनंदन होते, सचिव पुढील उपक्रमांच्या सूचना देतात. मग पाहुण्या वक्त्याचा परिचय, वीस-पंचवीस मिनिटांचे भाषण, दोन-तीन प्रश्न, आभारप्रदर्शन, पुन्हा घंटा आणि शेवटी भोजन. रोटरी असो वा लायन्स, तपशिलात थोडाफार फरक असतो. परंतु सभेचा साचा हाच. वर्षातून एकदोनदा याच सभेतून निधिसंकलनाचा एखादा मोठा कार्यक्रम ठरतो. कधी वाद्यवृंदाची रात्र, कधी आनंदमेळा, कधी जाहिरातींनी भरलेली स्मरणिका. जमलेल्या पैशातून शाळेला बाके मिळतात, बसस्थानकावर पाण्याची टाकी बसते, नगरपालिकेच्या दवाखान्याला एखादे यंत्र मिळते.

पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांनी या सभांकडे आजवर दोन प्रकारे पाहिले. पूर्वी ते त्यांची टिंगल करीत. भरल्या पोटाची समाजसेवा म्हणून हा विषय हसण्यावारी नेला जाई. आता दृष्टी बदलली आहे, पण ती सुधारली आहे असे म्हणवत नाही. वस्तीतील शाळेचे छप्पर गळत असेल, तर पूर्वी ज्या कार्यकर्त्याने नगरपालिकेवर मोर्चा नेला असता, तो आज क्लबच्या सचिवाच्या नावे विनंतिअर्ज लिहितो. छप्पर दुरुस्त होते, छायाचित्र छापून येते, वस्तीतील लोकही समाधान मानतात. यात तोटा कोणाचा झाला, असा प्रश्न मग विचारला जातो. तो प्रश्न योग्यच आहे. म्हणूनच त्याचे उत्तर टिंगलीने किंवा कृतज्ञतेने न देता हिशेबाने दिले पाहिजे.

सभेची शिस्त

प्रथम या क्लबांचे जे श्रेय आहे, ते त्यांना दिले पाहिजे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली. सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कार्यालयात भरे. त्या फिरतीवरूनच रोटरी हे नाव पडले. १९१७ मध्ये त्याच शहरातून मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्सची चळवळ सुरू झाली. भारतात रोटरीचा पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यास निघाला, मुंबईचा १९२९ मध्ये. लायन्सचा देशातील पहिला क्लब १९५६ साली मुंबईतच स्थापन झाला. म्हणजे ही संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ या देशात टिकून आहे. येथे निघालेल्या आणि विरून गेलेल्या सभा-समित्यांची संख्या ध्यानी घेता ही गोष्ट लहान नव्हे.

ती टिकली याचे कारण तिच्या सभेच्या शिस्तीत आहे. अनेक दशके रोटरीचा नियम असा होता की सभासदाने दर आठवड्याच्या सभेला यावे. सलग चार सभा चुकल्या तर सभासदत्व धोक्यात येई. परगावी असलेल्या सभासदाने तेथील क्लबच्या सभेला उपस्थित राहून आपली गैरहजेरी भरून काढावी, अशी सोय होती. २०१६ मध्ये हा नियम सैल करण्यात आला आणि महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरल्या. तथापि वेळेवर सुरू होणारी सभा ही सवय बहुतेक ठिकाणी कायम आहे. दुसरी गोष्ट, अध्यक्ष एका वर्षाचा. १ जुलै उजाडला की नवा अध्यक्ष येतो आणि जुना मागील रांगेत जाऊन बसतो. तिसरी गोष्ट, ठरविलेल्या कामाची जबाबदारी नावानिशी वाटून दिली जाते आणि पुढील सभेत तिचा जाब विचारला जातो.

ज्यांच्या तालुका शाखेची सभा सहाची म्हणून साडेसातला सुरू होते, जिचा वृत्तांत कोणाच्या तरी पिशवीतच राहतो आणि जिचे पदाधिकारी दहा-दहा वर्षे बदलत नाहीत, त्यांना या शिस्तीची टिंगल करण्याचा अधिकार नाही. लोकशाहीवर निष्ठा असणे वेगळे आणि सभा लोकशाही पद्धतीने चालविणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत व्यापाऱ्यांच्या क्लबने अनेकदा परिवर्तनवाद्यांना मागे टाकले आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

रिकाम्या खुर्च्या

मात्र त्या सभेत कोण बसते याइतकेच कोण बसत नाही, हेही पाहिले पाहिजे. रोटरीच्या मूळ रचनेचे तत्त्व असे होते की प्रत्येक व्यवसायातून एक प्रतिनिधी घ्यावा. एक डॉक्टर, एक वकील, एक कापड व्यापारी, एक बांधकाम व्यावसायिक, एक बँकेचा व्यवस्थापक. कल्पना चांगली आहे. सगळ्या गावाचे उद्योग एका टेबलाभोवती यावेत, हा तिचा अर्थ. परंतु व्यवसाय या शब्दाची व्याख्याच अशी झाली की त्यात मालक, अधिकारी आणि स्वतंत्र व्यावसायिक बसले; हमाल, सफाई कामगार, विडी वळणारी बाई, शेतमजूर हे बाहेर राहिले. त्यांचा व्यवसाय हा जणू व्यवसायच नव्हे. क्लबची वर्गणी आणि दर सभेच्या भोजनाचा खर्च यांनी उरलेले दार बंद केले.

स्त्रियांची गोष्ट तर लेखी नियमाचीच होती. कॅलिफोर्नियातील दुआर्ते या गावच्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा मध्यवर्ती संघटनेने त्या क्लबचीच मान्यता काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ मध्ये रोटरीने जगभरातील क्लबांसाठी तो नियम बदलला. लायन्सने १९८७ मध्येच बदल केला होता. म्हणजे सेवेला वाहून घेतलेल्या संघटनेलाही अर्ध्या समाजासाठी दार उघडावयास ऐंशी वर्षे आणि न्यायालयाचा एक हुकूम लागला. दोष दाखविण्यापुरतेच याचे महत्त्व नाही. जे अन्याय सद्भावनेने सुटत नाहीत ते कायद्याने सुटतात, याची ही क्लबच्याच इतिहासातील साक्ष आहे.

रोटरीच्या सभागृहात चार प्रश्नांचा एक फलक बहुधा लावलेला असतो. हर्बर्ट टेलर या उद्योजकाने १९३२ च्या मंदीत आपल्या डबघाईला आलेल्या कारखान्यासाठी ती कसोटी तयार केली आणि पुढे रोटरीने ती स्वीकारली. सत्य, न्याय, सलोखा आणि सर्व संबंधितांचे हित या चार गोष्टी त्या प्रश्नांतून तपासावयाच्या असतात. कसोटी उत्तम आहे. अडचण एवढीच की संबंधित कोण, हे ठरविण्याचा अधिकार टेबलाभोवती बसलेल्यांकडेच राहतो. नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार किमान वेतनाहून कमी पैशात राबत असेल आणि त्याचा कंत्राटदार क्लबचा सन्माननीय सभासद असेल, तर त्या कामगाराच्या मुलाला फुकट वह्या देण्याचा ठराव सभेत एकमताने होऊ शकतो. वेतनाचा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर येऊ शकत नाही. कारण क्लबमध्ये राजकारण आणावयाचे नाही, असा संकेत आहे.

निधी कोठून येतो

आता निधीकडे वळावे. महाराष्ट्राला लोकवर्गणीची परंपरा नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिची वसतिगृहे घरोघरी जमविलेल्या मूठ-मूठ धान्यावर उभी राहिली. या दोन्ही निधींचे लक्षण असे की देणारे अनेक होते आणि प्रत्येकाचे देणे लहान होते. देणारा आणि ज्याच्यासाठी दिले तो, हे बहुतांशी एकाच समाजस्तरातले होते. मूठभर जोंधळा देणाऱ्या बाईचाच मुलगा उद्या त्या वसतिगृहात राहावयास येणार होता. त्यामुळे त्या देण्यात उपकाराचा भाव नव्हता आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नव्हती.

सेवा क्लबच्या स्मरणिकेचे अर्थशास्त्र निराळे आहे. एक पान जाहिरात म्हणून बांधकाम व्यावसायिक, खतांचा विक्रेता, सहकारी बँक, खाजगी शिकवणीवर्ग हे पैसे देतात. ते जाहिरातीच्या उपयोगासाठी देत नाहीत. स्मरणिका पुन्हा उघडून कोणी वाचत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असते. मागणारा आपला गिऱ्हाईक, आपला डॉक्टर किंवा आपल्या कर्जाच्या अर्जावर सही करणारा असतो, म्हणून नकार देता येत नाही. ही परस्परांच्या ओळखीवर चालणारी एक प्रकारची खंडणीच आहे, फक्त ती हसतमुखाने दिली-घेतली जाते. वाद्यवृंदाच्या रात्रीचीही गोष्ट अशीच. तिकिटे खपतात, सभागृहाचे भाडे, कलावंतांचे मानधन, ध्वनियंत्रणा, छपाई आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य वजा जाता काय उरले, हा आकडा बातमीत क्वचितच येतो. बातमीत येतो तो एकूण जमा झालेला आकडा.

शिवाय या देण्यातील काही भाग देणाऱ्याच्या खिशातून जातच नाही. मान्यताप्राप्त धर्मादाय न्यासाला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत आहे. तीस टक्के दराने कर भरणाऱ्या माणसाने शंभर रुपये दिले, तर पन्नास रुपये उत्पन्नातून वजा होतात आणि कराचे पंधरा रुपये वाचतात. स्मरणिकेतील जाहिरात तर धंद्याचा खर्च म्हणून दाखविली जाते. ती मान्य झाली तर शंभर रुपयांमागे तीस रुपयांचा कर वाचतो. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतील जाहिरातीला हीच वजावट कायद्याने नाकारली आहे, हे पक्षकार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. तात्पर्य, बाकावर रंगविलेल्या देणगीदाराच्या नावाखाली सरकारी तिजोरीचेही नाव लहान अक्षरांत लिहावयास हवे. सवलत देऊ नये असा याचा अर्थ नाही. अर्थ असा की हा पैसा अंशतः सार्वजनिक आहे, आणि तो कोठे खर्च व्हावा याचा निर्णय मात्र तीस माणसांच्या भोजनसभेत होतो.

एकदाचा खर्च आणि दरमहाचा खर्च

यातून एक व्यावहारिक अडचण उद्भवते. तिचा अनुभव तालुक्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्याला आहे. देणगीदाराला वस्तू द्यावयाची असते. वस्तूवर नाव कोरता येते, तिचे उद्घाटन करता येते. पगारावर नाव कोरता येत नाही. त्यामुळे दवाखान्याला डायलिसिसचे यंत्र मिळते, पण ते चालविणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, शुद्ध पाण्याची यंत्रणा, दर रुग्णामागे लागणारी नळ्या-गाळण्यांची सामग्री आणि दुरुस्तीचा वार्षिक करार यांची तरतूद कोणीच करीत नाही. शाळेला पाणी शुद्ध करणारे यंत्र मिळते, पण सहा महिन्यांनी त्याची गाळणी कोणी बदलावयाची, हे ठरलेले नसते. भांडवली खर्च एकदा होतो, चालू खर्च दरमहा होतो, आणि सार्वजनिक सेवा ही मुख्यतः चालू खर्चावर चालते. शिक्षक, परिचारिका, पंप चालविणारा, सफाई कामगार यांचे वेतन म्हणजेच शाळा, दवाखाना, पाणी आणि स्वच्छता. बाकीचे सगळे त्यांच्या हातातील साधन.

हा चालू खर्च कराखेरीज दुसऱ्या कशातूनही भागत नाही, आणि येथेच एक विसंगती दिसते. जकात हा एके काळी नगरपालिकांच्या उत्पन्नाचा कणा होता. तिच्या वसुलीत दोष होते, नाक्यांवर भ्रष्टाचार होता, हे नाकारता येणार नाही. व्यापारी संघटनांनी तिच्याविरुद्ध अनेक वर्षे बंद पाळले, निवेदने दिली. ती टप्प्याटप्प्याने रद्द होत गेली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबई महानगरपालिकेचीही जकात संपली. त्या जागी भरपाईचे अनुदान आले, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या उत्पन्नासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ज्या वर्गाने जकातीविरुद्ध यशस्वी लढा दिला, तोच वर्ग सायंकाळच्या सभेत नगरपालिकेच्या शाळेला चार बाके देतो. दोन्ही कृत्ये करणारी माणसे प्रामाणिक असू शकतात. पण हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी समोरासमोर मांडल्या, तर शिल्लक कोणत्या बाजूला निघते हे सांगावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

याच वर्गाकडून पैसा उभा करण्याचा दुसरा एक मार्ग महाराष्ट्राने एकदा शोधला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. डॉक्टर, वकील, व्यापारी, पगारदार यांनी हा कर भरावयाचा आणि त्यातून खेड्यातील माणसाला काम द्यावयाचे. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालावयाची. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यासमोर महाराष्ट्राचाच हा आदर्श होता. शहरातील सुस्थित माणसाने खेड्यातील भुकेल्यासाठी पैसा द्यावा, ही क्लबच्या निधिसंकलनामागील भावनाच या करामागे होती. फरक एवढाच की येथे घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते आणि त्याला कोणाचे आभार मानावे लागत नव्हते. खडी फोडणारी बाई कोणाच्या कृपेवर नव्हती, कायद्यावर उभी होती.

या कराचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय करावर वार्षिक मर्यादा घातली आहे. ती पूर्वी २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० रुपये करण्यात आली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ ती तेथेच थांबली. या काळात रुपयाची किंमत किती घसरली आणि व्यावसायिकांचे उत्पन्न किती वाढले, हे वेगळे सांगावयास नको. दरमहा लाखो रुपये मिळविणारा शल्यविशारद आणि त्याच्याच रुग्णालयातील साधा कारकून, दोघांच्याही व्यवसाय कराची कमाल मर्यादा तीच. क्लबच्या एका वाद्यवृंदाच्या रात्री ज्या तिकिटावर माणूस हसत-हसत याहून अधिक खर्च करतो, ते पाहता कर देण्याची ताकद नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. ताकद आहे, मागणी करणारा आवाज नाही.

क्लबच्याच इतिहासातील धडा

येथे क्लबच्या सभासदांना त्यांचाच इतिहास सांगण्यासारखा आहे. शिकागोच्या पहिल्या क्लबने १९०७ मध्ये हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते स्वच्छतागृहाचे. क्लबने निधी जमवून शौचालय बांधले आणि त्यावर आपले नाव रंगविले, असे झाले नाही. त्याने शहरातील इतर संस्थांना एकत्र केले आणि महापालिकेकडे सार्वजनिक स्वच्छतागृहाची मागणी लावून धरली. मद्यविक्रेत्यांच्या आणि मोठ्या दुकानदारांच्या हितसंबंधांनी तिला विरोध केला, कारण आपल्या गुत्त्यात आणि दुकानात ती सोय आहे, असा त्यांचा दावा होता. ती वापरावयास येणारा माणूस गिऱ्हाईकही होई, हे उघड होते. तो विरोध मोडून १९०९ मध्ये महापालिकेच्या इमारतीजवळ स्वच्छतागृह उभे राहिले. म्हणजे सेवेची ही पहिली पायरी शुद्ध राजकीय होती. हितसंबंधी गटांविरुद्ध उभे राहून सार्वजनिक संस्थेला तिचे कर्तव्य करावयास लावणे, हेच तिचे स्वरूप होते.

महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून मृणाल गोरे यांनी १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्यावर जे केले, त्याची जात हीच. टँकर पाठवून त्यांना दुवा मिळविता आला असता. त्यांनी बायकांना संघटित करून महापालिकेला नळ द्यावयास लावले, आणि लोकांनी त्यांना पाणीवाली बाई म्हटले. नळ आल्यावर त्याचे पाणी त्यांच्या नावाने येत नव्हते, नगरपालिकेच्या नावाने येत होते. त्या कामाचे मोठेपण त्यातच होते.

पोलिओचे उदाहरण त्याहून बोलके आहे, कारण ते क्लबच्या सर्वांत मोठ्या यशाचे आहे. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपाइन्समध्ये सुमारे साठ लाख मुलांना लस देण्याचा उपक्रम सुरू केला. १९८५ मध्ये जागतिक मोहीम जाहीर झाली. बारा कोटी डॉलर जमविण्याचे उद्दिष्ट होते, १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. लक्षावधी सभासदांच्या वर्गणीचे हे फळ होते आणि त्याला मनापासून दाद दिली पाहिजे. परंतु भारतातून पोलिओ गेला तो केवळ या पैशाने नाही. १९९५ पासून सरकारने पल्स पोलिओची मोहीम चालविली. एकेका राष्ट्रीय लसीकरण दिनी सुमारे २३ लाख लस देणाऱ्यांनी सुमारे १७ कोटी मुलांना डोस पाजले. अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि परिचारिका दारोदार फिरल्या. खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीने उचलला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळाले. क्लबने पैसा दिला, आग्रह धरला, पाठपुरावा केला. काम केले ते सार्वजनिक यंत्रणेने. क्लबचे सर्वांत मोठे यश तेथे आहे जेथे त्याने यंत्रणेची जागा घेतली नाही, तिला उभे राहावयास मदत केली.

देणगीला पर्याय नाही अशी जागा

याचा अर्थ प्रत्येक गोष्ट कराने आणि कायद्याने होते, असा नव्हे. काही गोष्टी दिल्याशिवाय मिळतच नाहीत. रक्त हे त्यांतील पहिले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील स्वेच्छा रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताचा बाजार यांची तुलना केली आणि विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे व अधिक उधळपट्टीचे ठरते, असे दाखविले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर धंदेवाईक रक्तविक्रीवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्या दिवसापासून रक्तपेढ्यांची सारी भिस्त माणसाच्या स्वेच्छेवर राहिली. सुट्टीच्या दिवसांत, जेव्हा महाविद्यालये बंद असतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो, तेव्हा शिबिर भरविणारा क्लब जे काम करतो ते कोणताही कर करू शकत नाही. तेथे रक्त कोणाला गेले, हे देणाऱ्याला कळत नाही. कोणाचे मिळाले, हे घेणाऱ्याला कळत नाही. पिशवीवर नाव रंगविता येत नाही. नेत्रदानाची संमतिपत्रे भरून घेणे, निरक्षर प्रौढाला शिकविणे, एकाकी वृद्धाकडे जाऊन बसणे, डॉक्टरने किंवा वकिलाने आपले कौशल्य विनामूल्य देणे, ही सर्व त्याच जातीची कामे. वेळ, रक्त, कौशल्य आणि सोबत ही खरी देणगी. तिला पर्याय नाही, म्हणून तिचा आदर कमी होता कामा नये.

या दोन प्रकारांतील भेद कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला, तर सेवा क्लबशी कसे वागावे याचा संभ्रम उरणार नाही. क्लबकडे वस्तूसाठी अर्ज घेऊन जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही सोय पुरविणे नगरपालिकेचे, जिल्हा परिषदेचे किंवा सरकारचे कर्तव्य आहे काय? असल्यास तिच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे काय, आणि ती खर्च का झाली नाही? देणगी स्वीकारली तर पुढील पाच वर्षांचा चालू खर्च कोण करणार, हे लेखी ठरले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अर्ज थांबवावा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर कार्यकर्त्याची जागा क्लबच्या दारात नसून अंदाजपत्रकाच्या सभेत आहे. तातडीच्या संकटात, पुरात किंवा आगीत, जो मदत देईल त्याची मदत घ्यावी. परंतु तातडी संपल्यावर मागणी सोडू नये.

आणि क्लबच्या सभेकडे पाठही फिरवू नये. त्या सभेला दर आठवड्याला एक वक्ता लागतो आणि बहुतेक वेळा सचिवाला तो मिळत नाही. कार्यकर्त्यांनी ते निमंत्रण मागून घ्यावे. वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात गावच्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक मांडता येते: मालमत्ता कराची थकबाकी कोणत्या भागात किती आहे, पाणीपट्टी आणि पाण्याचा खर्च यांत अंतर किती, शाळांवर माणशी किती खर्च होतो, कंत्राटी सफाई कामगाराला प्रत्यक्ष हातात काय मिळते. समोर बसलेले डॉक्टर, सनदी लेखापाल आणि अभियंते आकडे वाचू शकतात. त्यांतील अनेकांना आपल्या गावचे आकडे कोणी कधी सांगितलेले नसतात. एखाद्या सनदी लेखापालाने क्लबची सेवा म्हणून नगरपालिकेचे हिशेब तपासून देण्याचे मान्य केले, तर ती शंभर बाकांहून मोठी देणगी ठरेल. क्लबमध्ये राजकारण नको म्हणून कोणी अडविले, तर शिकागोच्या स्वच्छतागृहाची हकिकत सांगावी.

त्या सभेतून परत येताना कार्यकर्त्याने एक गोष्ट मात्र उसनी आणावी. आपल्या शाखेची पुढील सभा ठरलेल्या वेळी सुरू करावी, मागील सभेचा वृत्तांत वाचावा, जमलेल्या वर्गणीचा हिशेब पैशापैशाने सांगावा आणि वस्तीतील त्या गळक्या शाळेचा विषय क्रमांक एकवर घ्यावा. अंदाजपत्रकाच्या सभेची तारीख नगरपालिकेत आधीच लागलेली असते.